सासवण्याची म्हैस आणि पुण्याचा घोडा

गेल्या वर्षी आमच्या भित्तिपत्रकावर एक व्यंगचित्र लागले होते. चित्रात एक कलादालन होते. भिंतीवर सोनेरी चौकटींतील चित्रे टांगलेली आणि ती पाहावयास आलेली सारी मंडळी चतुष्पाद! एक शेळी माहितीपत्रक वाचता वाचता त्याचा अर्धा कागद चावून मोकळी झालेली. एक गाढव हनुवटीला खूर लावून नवचित्रासमोर विचारमग्न. एक माकड चित्र सोडून काचेतले आपलेच तोंड न्याहाळण्यात दंग. आणि दाराशी एक म्हैस. पायांना चिखल आहे म्हणून पहारेकरी तिला काही आत सोडत नव्हता.

मित्रहो, ते चित्र पाहून आपण सारेच हसलो. मीही हसलो. पण ती दाराशी अडवलेली म्हैस काही केल्या मनातून जाईना. पुढे काही महिन्यांनी अलिबागकडे जाण्याचा योग आला आणि किहीम-मांडवा परिसरातील सासवणे या गावी एक घर पाहिले. तेथे म्हैस दारात अडवलेली नाही. ती आत येऊन ठाण मांडून बसली आहे. तिला आत आणणाऱ्या माणसाची ही जीवनकथा. त्यांचे नाव विनायक पांडुरंग करमरकर. शिल्पकलेच्या जगात ते नानासाहेब करमरकर म्हणून प्रसिद्ध होते.

करमरकरांचा जन्म 2 ऑक्टोबर 1891 रोजी सासवणे येथेच झाला. त्या वेळी हा भाग कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. 1981 साली त्याच जिल्ह्याचे नाव रायगड झाले. नारळी-पोफळीच्या वाड्या, पलीकडे समुद्र, कोळ्यांची वस्ती, शेतकऱ्यांचे गोठे, असे ते गाव. घरी गणपतीच्या मूर्ती घडवण्याची परंपरा होती. श्रावण उजाडला की घरात माती मळली जावी, ओल्या मातीला सोंड, कान, उंदीर फुटावेत आणि घरातील पोरांनी उरलेल्या गोळ्याशी खेळत बसावे, हे कोकणातील मूर्तिकारांच्या घरचे नेहमीचेच दृश्य. बाल विनायकाचे पहिले कलाशिक्षण ते हेच. तेथे ना फळा होता, ना परीक्षा. माती बोटांना काय सांगते, एवढेच ऐकायचे.

आपल्या हिंगोलीकडे समुद्र नाही, कयाधू आहे. गणपतीच्या आधी आपल्याकडे पोळा येतो. पोळ्याला ओढ्याकाठची काळी चिकण माती आणून आपण सर्वांनीच बैल केले आहेत. शिंगे वाळून गळून पडतात म्हणून आत काडी घालण्याची युक्ती आपल्याला कोणा प्राध्यापकाने शिकवलेली नाही. मोठमोठ्या पुतळ्यांच्या पोटात जो लोखंडी सांगाडा असतो, त्याचेच हे बालरूप होय, हे मला सासवण्याहून परत आल्यावर समजले.

विनायक शाळकरी वयाचा असताना त्याने गावातील राममंदिराच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले. गावच्या लोकांनी ते पाहिले, वाखाणले आणि आपापल्या कामाला लागले. पण एके दिवशी जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेस ते पडले. हे गृहस्थ मोठे रसिक होते. भारतातील स्त्रियांवर त्यांनी पुढे एक ग्रंथ लिहिला आणि त्यातील चित्रे आपल्या रावबहादूर धुरंधरांनी काढली. भिंतीवरील त्या चित्रात त्यांना पोराच्या हातचे कसब दिसले. त्यांनी मुलाची चौकशी केली आणि त्याला मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकावयास पाठवण्याची व्यवस्था केली.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. परक्या सत्तेचा एक अधिकारी खेड्यातील देवळाची भिंत पाहतो आणि एका मुलाचे आयुष्य बदलते! यातील योगायोगाचा भाग किती आणि गुणांचा किती? गुण नसते तर कलेक्टर थांबला नसता, हे खरे. पण कलेक्टर त्या वाटेने गेलाच नसता तर? ती भिंत पुढे केव्हातरी चुन्याने पांढरी झाली असती आणि तो मुलगा श्रावणात गणपती व उरलेले वर्ष शेती करीत राहिला असता. त्याने गणपती सुंदरच केले असते, यात शंका नाही. मात्र आज आपण त्याच्याविषयी लिहीत-वाचीत बसलो नसतो.

1857 साली स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेत करमरकरांनी शिल्पकलेचे रीतसर शिक्षण घेतले आणि मेयो पदक मिळवून आपली गुणवत्ता सिद्ध केली. तेव्हाची मुंबई म्हणजे पुतळ्यांचे शहर होते. राण्या, राजपुत्र, गव्हर्नर, शेठ असे सारे संगमरवरात आणि कांस्यात चौकाचौकांत उभे होते. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध काळा घोडा. 1879 साली बसवलेला हा अश्वारूढ पुतळा युवराज एडवर्डचा; पण मुंबईकरांनी स्वाराला बाजूस सारून घोड्याच्याच नावाने चौक ओळखला. लोकांची दृष्टी कधीकधी मोठी मार्मिक असते ती अशी! पुढे 1965 साली तो पुतळा तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. आज तो एका अंगाला वस्तुसंग्रहालय आणि दुसऱ्या अंगाला खऱ्या जनावरांचे पिंजरे अशा शेजारात उभा आहे. आमच्या भित्तिपत्रकावरील व्यंगचित्रकाराला याहून चांगला विषय कोठे मिळणार?

परंतु त्या पुतळ्यांविषयी एक गोष्ट तेव्हाच्या विद्यार्थ्यांना बोचत असली पाहिजे. असली मोठी कामे बहुधा विलायतेतील शिल्पकार करीत, तेथेच ती ओतली जात आणि बोटीने इकडे येत. गणपतराव म्हात्रे यांच्यासारख्या शिल्पकाराने आपले हात कोणापेक्षा कमी नाहीत हे दाखवून दिले होते. तरी घोडा आणि स्वार मिळून भव्य कांस्यपुतळा येथील माणसाने घडवावा आणि येथील भट्टीत ओतावा, ही गोष्ट अजून धाडसाचीच समजली जाई.

शिक्षण संपल्यावर करमरकरांना सुरेंद्रनाथ ठाकूर यांचा स्नेह लाभला. हे रवींद्रनाथांचे पुतणे. त्यांचे वडील सत्येंद्रनाथ हे आय. सी. एस. झालेले पहिले भारतीय आणि त्यांची नोकरी मुंबई इलाख्यातच झाली होती. त्यामुळे त्या घराला मराठी माणसे परकी नव्हती. सुरेंद्रनाथांच्या प्रोत्साहनाने करमरकर 1916 च्या सुमारास कलकत्त्यास गेले व तेथे त्यांनी आपली कर्मशाळा थाटली. बंगालमध्ये त्या वेळी कलेचे नवे वारे वाहत होते. कोकणच्या मातीत वाढलेल्या या तरुणाने त्या वातावरणात राहूनही आपले यथार्थ चित्रणाचे वळण सोडले नाही. बंगालने मात्र त्यांना एक अमोल विषय दिला. तेथे सायंकाळी घरोघरी स्त्रिया शंख फुंकतात. शंख फुंकणाऱ्या स्त्रीचे त्यांचे शंखध्वनी हे शिल्प पुढे त्यांच्या सर्वोत्तम कृतींत गणले गेले. ध्वनी हा डोळ्यांना न दिसणारा. तो दगडमातीतून सुचवणे हे केवढे अवघड काम!

1920 साली ते इंग्लंडला गेले आणि लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत त्यांनी पुढील अभ्यास केला. भारतात परतल्यावर थोड्याच वर्षांत त्यांच्यापुढे ते काम आले, ज्याने त्यांचे नाव घरोघर पोहोचले.

पुण्यास शिवछत्रपतींचे स्मारक उभारावे ही कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मोठी आकांक्षा होती. नोव्हेंबर 1921 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. पण 6 मे 1922 रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. पुढे राजाराम महाराजांनी आणि इतर मराठा संस्थानिकांनी ते कार्य नेटाने चालवले. महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवण्याचे काम करमरकरांकडे आले. ज्या मुलाने राममंदिराच्या भिंतीवर शिवाजी रंगवून आपले दैव उघडले, त्याच्याकडेच मोठेपणी शिवाजीचा पुतळा यावा, हा योग कोणा कादंबरीकाराने जुळवला असता तर आपण त्याला हसलो असतो.

अश्वारूढ पुतळा ही शिल्पकाराची अग्निपरीक्षा का मानली जाते, हे समजून घेण्यासारखे आहे. माणूस दोन पायांवर स्थिर उभा राहतो. घोडा मात्र चार बारीक पायांवर एवढे मोठे धड तोलून धरतो, त्यावर पुन्हा स्वार. घोड्याचा पाय उचललेला दाखवायचा तर सारा भार उरलेल्या पायांवर येतो. प्रथम लोखंडी सांगाड्यावर मातीचा पुतळा घडवायचा, त्यावरून प्लॅस्टरचा साचा काढायचा, साच्यातून प्लॅस्टरची प्रतिकृती आणि मग त्यावरून कांस्याचे ओतकाम. प्रत्येक पायरीवर काही बिघडले तर महिन्यांचे श्रम वाया. प्रत्यक्ष लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या सरदारासाठी प्रचंड घोड्याचा मातीचा नमुना 1493 मध्ये उभा केला होता. पण त्यासाठी जमवलेले कांस्य तोफांच्या कामी गेले, आणि 1499 मध्ये शहर जिंकणाऱ्या फ्रेंच तिरंदाजांनी त्या मातीच्या घोड्यावर नेमबाजी करून तो नष्ट केला, अशी हकीकत आहे. लिओनार्दोचा घोडा धातूत उतरलाच नाही!

करमरकरांचा घोडा उतरला. तो मुंबईच्या माझगाव गोदीत ओतला गेला. जहाजांचे अवजड भाग बनवणाऱ्या त्या कारखान्यात आठ टनांच्या आसपास वजनाचा हा पुतळा एकसंध ओतण्याचे साहस केले गेले. तुकडे जोडून काम करणे सोपे आणि सुरक्षित. परंतु एकाच वेळी उकळता धातू साच्यात सोडायचा म्हणजे तो प्रत्येक कोपऱ्यात, बोटांच्या टोकांपर्यंत व घोड्याच्या कानांपर्यंत थंड होण्याआधी पोहोचलाच पाहिजे. कोठे हवा अडकली तर तेथे पोकळी राहते. हे जोखमीचे काम गोदीतील आपल्याच कारागिरांच्या साहाय्याने पार पडले. त्या कारागिरांची नावे चौथऱ्यावर कोरलेली नसतात. पण त्यांच्यावाचून कोणताच घोडा उभा राहत नाही, हेही विसरता कामा नये.

16 जून 1928 रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते पुण्यात पुतळ्याचे अनावरण झाले. श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो आजही उभा आहे. विलायतेतून पुतळे मागवणाऱ्या देशात एका खेड्यातील गणपती करणाऱ्याच्या मुलाने दाखवून दिले की हे काम येथे होते. या एका पुतळ्याने पुढच्या पिढीतील शिल्पकारांचा मार्ग किती मोकळा केला, याची कल्पना आपण गावोगावच्या अश्वारूढ पुतळ्यांकडे पाहून करावी.

या यशानंतर करमरकरांनी पुष्कळ काम केले. थोर पुरुषांचे अर्धपुतळे केले, पूर्णाकृती पुतळे केले, मानसन्मान मिळवले. 1962 साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली आणि ललित कला अकादमीनेही आपली अधिछात्रवृत्ती देऊन त्यांचा गौरव केला. एखाद्याने यावरच समाधान मानले असते. परंतु मला करमरकरांचा खरा मोठेपणा दिसतो तो याच्या पलीकडे, त्यांनी सासवण्यास परतून जे केले त्यात.

त्यांनी गावातील घर हीच आपली कर्मशाळा केली आणि गावातील माणसे हेच आपले नमुने. कोळीण, शेतकरी, पोरेबाळे अशी ज्यांचे पुतळे कोणी कधी करीत नाही अशी माणसे त्यांनी घडवली. मत्स्यगंधा हे शिल्प त्यांतलेच. महाभारतातील राणीचे नाव आणि चेहरा-बांधा मात्र किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या पोरीचा! कांस्य महाग आणि संगमरवर दुर्मिळ, म्हणून त्यांनी सिमेंट हाती घेतले. ज्या वस्तूने लोक हौद आणि पायऱ्या बांधतात, तिच्यातून त्यांनी माणसाची त्वचा आणि वस्त्राच्या चुण्या उमटवल्या. आणि अशाच साध्या मालात त्यांनी म्हैस घडवली.

ही म्हैस पाहण्यासारखी आहे. लेण्यांतील महिषासुराप्रमाणे ती कोणाच्या पायाखाली चिरडलेली नाही. यमाचे वाहन म्हणूनही ती आलेली नाही. ती नुसती म्हैस आहे. दुपारी रवंथ करीत बसलेल्या आपल्या गोठ्यातील म्हशीच्या अंगी जो एक जड, तृप्त, जगाविषयी उदासीन असा भाव असतो, तोच तिच्यात उतरला आहे. आमच्यापैकी एकाचा हात नकळत तिच्या पाठीवर गेला. आमच्या घरी दुभते असल्यामुळे मला म्हशीची परीक्षा थोडीफार आहे. पाठीचा कणा, बरगड्यांवरून सुटलेली कातडी, मानेच्या वळ्या यांत मला खोट काढता आली नाही. ज्या हाताने छत्रपतींचा घोडा घडवला त्याच हाताने, तितक्याच आदराने, ही म्हैस घडवली आहे. घोड्यावर राजा आहे म्हणून त्याला अधिक मन लावले आणि म्हशीवर कोणी नाही म्हणून काम उरकले, असे कोठेही दिसत नाही.

13 जून 1967 रोजी नानासाहेब करमरकर यांचे निधन झाले. त्यांचे घर आज शिल्पालय म्हणून ओळखले जाते. मोठ्या शहरांतील कलादालनांत असते तशी तेथे भीती वाटत नाही. चपला काढाव्यात, ओटीवर टेकावे, अंगणात हिंडावे आणि घरचीच माणसे भेटावीत तसे पुतळे भेटावेत. समुद्राची खारी हवा धातूला आणि सिमेंटला सारखीच खात असते. त्यामुळे असे घर जतन करणे सोपे नाही. पण शिल्पे ज्या गावातून जन्मली त्याच गावात ती नांदत आहेत, हे भाग्य फार थोड्या कलावंतांच्या कृतींना लाभते.

आता आपल्याकडे वळू. औंढा नागनाथाचे मंदिर आपण सर्वांनी पाहिले आहे. इतर शिवालयांत नंदी देवासमोर असतो. औंढ्यास तो मंदिराच्या मागे आहे. नामदेवांचे कीर्तन ऐकण्यासाठी देऊळच फिरले, अशी त्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. कथा बाजूला ठेवून एकदा नुसती शिल्पे पाहावीत. पायापासून चढत गेलेले ते थर ज्यांनी कोरले, त्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. म्हणजे दगडात प्राण ओतणारी माणसे आपल्या मातीला नवी नाहीत. खंड कोठे पडला असेल तर तो पाहणाऱ्यांत पडला आहे.

माझ्या गावी एक मुलगा होता. पोळ्याला त्याच्या हातचे बैल घ्यावयास शेजारच्या वाडीहून लोक येत. त्याच्या बैलाला वशिंड असे, ते डाव्या अंगाला किंचित कललेले. कारण खऱ्या बैलाचेही तसेच असते, हे त्याने पाहून ठेवले होते. चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट अशा परीक्षा असतात, मुंबईला त्यासाठी एक शाळा आहे, हे त्याला कोणी सांगितले नाही. मलाच तेव्हा ठाऊक नव्हते, तर मी काय सांगणार? आज तो मालवाहू गाडी चालवतो. गाडीच्या फाळक्यावर त्याने स्वतः एक बैलजोडी रंगवली आहे. मी ती पाहिली, वाखाणली आणि आपल्या कामाला लागलो. सासवण्यातील लोकांनी ती भिंत पाहून केले होते, अगदी तेच!

करमरकरांच्या चरित्रातून मला जो बोध झाला तो एवढाच. प्रतिभा जन्मास घालणे आपल्या हाती नाही. पण भिंतीवरील चित्रापाशी थांबणे, ते कोणाच्या हातचे म्हणून विचारणे आणि त्या हाताला पुढची वाट दाखवणे, हे कोणालाही करता येण्यासारखे आहे. त्यासाठी कलेक्टरच व्हावे लागते असे नाही. आपल्यापैकी कित्येकजण उद्या शाळांवर शिक्षक म्हणून जातील. वर्गातील एखादे पोर गणिताच्या वहीत म्हैस काढताना सापडेल. त्या वेळी छडी उगारण्याआधी एवढे पाहावे की म्हैस कशी काढली आहे.

येत्या पोळ्याला मी गावी जाणार आहे. त्या मित्राकडून एक मातीचा बैल मागून घ्यावा आणि आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, काचेच्या कपाटात नव्हे तर उघड्या मेजावर ठेवावा, असा बेत आहे. प्राध्यापकांची परवानगी मिळेल अशी आशा आहे. बैलाच्या पायांना चिखल असणारच. तो सबंध चिखलाचाच तर आहे. पण पहारेकऱ्याने या वेळी त्याला दारात अडवू नये, एवढीच विनंती.